११०, २४ आणि २३०

डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की चालत राहायला त्याला वीज लागत नाही. निदान जुन्या इंजिनाला लागत नाही. तेलाचा पंप, पाण्याचा पंप, वंगणाचा पंप, वेग सांभाळणारा गव्हर्नर, सगळं त्याच्याच दांड्यांवर आणि दात्यांवर चालतं. हे मी शिकलो होतो. पण त्याचा खरा अर्थ मला कळला तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, फाल नदीच्या खाडीत, एका लाकडी मोटर यॉटवर. चाचणीच्या दिवशी अल्टरनेटरचे पट्टे आधी उतरवून ठेवले आणि मग मुद्दाम बॅटरीचा मुख्य खटका पाडला. दिवे गेले, रेडिओ गेला, रडार गेलं, सुकाणूघरातले सगळे काटे शून्यावर आले. खाली दोन्ही इंजिनं मात्र त्याच लयीत चालत होती.

तेव्हापासून त्या बोटीत मला दोन वेगळ्या गोष्टी दिसू लागल्या. इंजिन एका कारखान्याने, एका विचाराने, एकदाच बनवलेलं होतं. वीज मात्र ऐंशीपेक्षा जास्त वर्षं कुणी ना कुणी जोडत आलं होतं.

मी मूळचा रत्नागिरीचा. बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हे अधिकृत नाव आम्हाला नाविकांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनंतर मिळालं. त्याआधीही काम तेच होतं. मोठ्या जहाजावर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, थ्री-फेज. प्रत्येक केबलला क्रमांक, दोन्ही टोकांना पट्टी, आणि कंट्रोल रूमच्या कपाटात आराखड्यांच्या जाडजूड फायली. बिघाड आला की आधी कागद उघडायचा, मग पेचकस घ्यायचा. या शिस्तीत तयार झालेला माणूस मी. यॉटच्या दुरुस्तीसाठी बोलावणं आलं तेव्हा पहिल्याच दिवशी आराखडे मागितले. यार्डातल्या वयस्क फिटरनी मान हलवली. कागद नव्हते. कधीकाळी असतील, पण बोट इतक्या वेळा विकली गेली होती की ते कुठल्या मालकाबरोबर गेले हे कुणालाच सांगता आलं नसतं.

या फिटरना तिथे सगळे पहिल्या नावाने हाक मारत. माझ्या तोंडून ते निघेना. मी त्यांना जहाजावरच्या सवयीने ‘चीफ’ म्हणू लागलो आणि त्यांना ते आवडलं असावं, कारण पुढे इंजिन रूमचं दार माझ्यासाठी नेहमी उघडं राहिलं.

बोट १९३० च्या दशकाच्या अखेरीची, स्कॉटलंडमधल्या क्लाइडच्या काठी बांधलेली. ओकच्या फासळ्या, त्यावर सागाच्या फळ्या. पोटात दोन गार्डनर इंजिनं, ६एल३ जातीची. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टला एल. गार्डनर अँड सन्सचा कारखाना होता, तिथली. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास साडेपाच इंच आणि पिस्टनची धाव पावणेआठ इंच. म्हणजे एका इंजिनात अठरा लिटर जागा, आणि त्यातून निघणारी ताकद ११४ अश्वशक्ती, तीही मिनिटाला ९०० फेऱ्यांवर. आज दीड लिटरचं मोटारीचं डिझेल इंजिन एवढी ताकद देतं. पण ते त्यासाठी साडेतीन हजारांच्या पुढे फिरतं, आणि ऐंशी वर्षांनी ते कुठे असेल हे सांगायला नको. गार्डनरमधला प्रत्येक भाग त्याच्यावर पडणाऱ्या भारापेक्षा कितीतरी जड बनवलेला आहे आणि संथ फिरतो. ही इंजिनं टिकली यामागचं कारण इतकं साधं आहे.

मोकळं, तीनशेच्या आसपास फिरत असताना अशा इंजिनात सेकंदाला साधारण पंधरा स्फोट होतात. ते जवळजवळ सुटे ऐकू येतात. चीफ शिडीवर उभे राहून ऐकत आणि उजव्या बाजूच्या इंजिनाचा चौथा सिलिंडर थोडा मागे आहे असं सांगत. मग त्या सिलिंडरचा इंजेक्टर काढून दाबाच्या पंपावर लावायचा. फवारा खरंच एका बाजूला झुकलेला असे.

सुरू करण्याची रीतही मला फार आवडली. गार्डनरच्या इंधनपंपावर प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटी दांडी असते. ती हाताने वरखाली करायची. पाइपात हवा असेल तर दांडी मऊ लागते. हवा निघून नुसतं डिझेल उरलं की ती ताठ होते आणि इंजेक्टर बारीक कुरकुरतो. सहाही सिलिंडर असे कुरकुरले की सिलिंडरातला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेशनच्या दांड्या उघडायच्या, इंजिन मोकळं फिरवायचं, आणि एकेक दांडी पाडत जायचं. इंजिन धक्का न देता सुरू होतं. ग्लो प्लग नाही, गरम करायची वाट पाहणं नाही. थंडीतल्या सकाळी, पाणी आठ-नऊ अंशांवर असताना, दोन्ही इंजिनं तशीच सुरू होत.

इंजिन रूम पांढरी रंगवलेली होती. फरशीच्या पत्र्यांखालचा तळसुद्धा पांढरा. शोभा म्हणून नव्हे. पांढऱ्यावर तेलाचा एक थेंब पडला तरी दिसतो आणि तो कुठून आला हे त्याच दिवशी शोधता येतं. माझ्या मते यापेक्षा चांगलं गळती दाखवणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

आता माझा विभाग.

बोट बांधली तेव्हा तिच्यात ११० व्होल्ट डीसी होती. शिशाच्या बॅटरीचे ५५ सेल ओळीने जोडलेले, त्यांना भरायला डायनॅमो, आणि सगळ्याचा कारभार स्लेटच्या काळ्या पाटीवर. उघडे तांब्याचे सुरीसारखे स्विच, पितळी कडांचे मीटर, चिनी मातीचे फ्यूज. युद्धानंतरच्या कुठल्यातरी मालकाने हे सगळं बंद करून २४ व्होल्ट आणली. नंतर धक्क्यावरून वीज घ्यायची सोय झाली, तेव्हा २४० व्होल्ट एसी, पुढे कागदोपत्री २३० झालेली. मग रेडिओसाठी १२ व्होल्ट. मग फ्रीज चालवायला इन्व्हर्टर. प्रत्येकाने आपलं काम केलं, जुन्याच्या शेजारून नवी केबल ओढली, आणि जुनी काढली नाही. महोगनीच्या पॅनेलमागे हाताच्या मनगटाएवढा जाड जुडगा निघाला, आणि त्यातल्या निम्म्या तारा मेलेल्या. कुठल्या निम्म्या, हा प्रश्न होता.

ब्रिटनमध्ये २००४ पर्यंत एसीची जिवंत तार लाल आणि न्यूट्रल काळी असे. आपल्या घरांतून असते तशीच. मग युरोपच्या रीतीप्रमाणे जिवंत तपकिरी आणि न्यूट्रल निळी झाली. २००६ पासून नव्या कामात ते सक्तीचं. डीसीत मात्र लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण. म्हणजे त्या जुडग्यात लाल तार हाती आली की ती २४ व्होल्टची धन असू शकते, बोटाने धरली तरी काही होणार नाही अशी. किंवा ती १९८० च्या सुमाराची २४० ची जिवंत तार असू शकते, जिने माणूस मरतो. आणि निळी तार आपल्याकडे थ्री-फेजमध्ये फेज असते. तिथे नव्या कामात ती न्यूट्रल. रंगावर विश्वास ठेवायचा नाही हे ठरवून टाकलं. धक्क्याचा प्लग उपटायचा, इन्व्हर्टर बंद करून त्याच्या बॅटरीची तार काढायची, मग टेस्टर. टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून पाहायचा, मग तारेवर, मग पुन्हा चालू ठिकाणी. तिन्ही वेळा बरोबर आलं तरच कटर. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोन तरुण मुलांना हे कंटाळवाणं वाटे. मी त्यात सूट दिली नाही.

केबल शोधायचं काम हिवाळाभर चाललं. एका टोकाला सूर सोडणारं यंत्र लावायचं आणि दुसरीकडे तो ऐकणारी कांडी घेऊन पॅनेलांवरून फिरायचं. सूर जिथे थांबे तिथलं पॅनेल काढायचं. पितळी स्क्रू, एका खाचेचे, त्यांच्या खाचा सगळ्या एकाच दिशेला लावलेल्या. ज्या सुताराने ते लावले त्याच्या हाताची मला रोज आठवण होई.

मूळच्या ११० व्होल्टच्या केबल रबराच्या होत्या, वरून शिशाचं कवच. रबर व्हल्कनाइझ करताना गंधक घालतात आणि गंधक तांब्याला काळं करतं, म्हणून त्या काळी तांब्याला कथलाचा मुलामा देत. मुलामा अजून चकाकत होता. रबर मात्र वाळून कडक झालं होतं. केबल वाकवली की त्याच्या खापऱ्या पडत आणि आत नागडं तांबं. त्या साऱ्या काढल्या. दिव्यांची पितळी घरं तेवढी ठेवली आणि त्यांत आतून नव्या तारा ओवल्या. स्लेटची पाटीही ठेवली. तिच्या पाठीमागच्या दोन तांब्याच्या पट्ट्या कुणीतरी २४ व्होल्टच्या जोडासाठी वापरल्या होत्या, फ्यूजशिवाय. समोरून पाहणाऱ्याला ती पाटी निव्वळ जुनी शोभेची वाटावी, आणि मागे बॅटरीचा पूर्ण जोर उभा. लाकडी बोटीत आग कशी लागते याचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

त्या पाटीवर दोन दिवे होते. धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये एकापाठोपाठ जोडलेले, आणि मधला बिंदू अर्थला. सगळं नीट असेल तर दोघांना निम्मा-निम्मा दाब मिळतो आणि दोन्ही सारखे मंद जळतात. धन बाजू कुठे गळू लागली की तिचा दिवा विझू लागतो आणि दुसरा उजळतो. मालवाहू जहाजावर आमच्याकडे तीन फेजसाठी असेच तीन दिवे असत. तेच तत्त्व, इतकी वर्षं आधी, इतक्या देखण्या रूपात समोर आलं आणि मला फार बरं वाटलं. हे दिवे आम्ही २४ व्होल्टसाठी पुन्हा चालू केले. आज कुणीही जाता-जाता त्यांच्याकडे बघून बोटीची वीज गळते आहे की नाही हे सांगू शकतो, त्याला इन्सुलेशन मोजणारा मेगर वापरायला यावंच असं नाही.

कमी व्होल्टेजचा एक धर्म आहे, तो घरच्या विजेवर वाढलेल्या माणसाला पटकन उमजत नाही. नांगर उचलणारी दोन किलोवॅटची मोटर २३० वर नऊ अँपिअरच्या आत घेते. २४ वर ती ८३ अँपिअर घेते. बॅटरीपासून नाळेपर्यंत वीस मीटर, परत वीस. १६ चौरस मिलिमीटरची तार असेल तर साडेतीन व्होल्टांहून जास्त वाटेतच जातात आणि मोटर रडते. ३५ ची घातली तर नुकसान १.७ वर येतं. आणि वाटेतला एखादा जोड गंजून त्याचा रोध नुसता एक शतांश ओहम झाला, तर त्या एका जोडात ७० वॅटची उष्णता तयार होते. सागाच्या तुळईला टेकलेल्या जोडात.

पण त्या बोटीने मला सर्वांत मोठा धडा दिला तो तारांच्या नव्हे, लाकडाच्या बाबतीत.

समुद्राचं पाणी इंजिनाला देणारे ब्राँझचे व्हॉल्व्ह तळाच्या फळ्यांमधून बाहेर गेलेले असतात. कुठल्यातरी काळजीवाहू मालकाने ते सगळे हिरव्या तारेने एकमेकांना, इंजिनांना आणि बाहेर लावलेल्या जस्ताच्या मोठ्या ठोकळ्यांना जोडले होते. हेतू उघड आहे: जस्त झिजेल, ब्राँझ वाचेल. ब्राँझ वाचलंच. व्हॉल्व्ह नव्यासारखे होते. त्यांच्याभोवतीचं लाकूड मात्र चीफनी पेचकसाने दाबलं आणि टोक आत गेलं. फळीचा तेवढा भाग भिजवलेल्या काथ्यासारखा तंतू-तंतू झालेला, वर पांढरे क्षार. ओला तांबडा लिटमस लावला, तो निळा झाला.

याचं रसायन सोपं आहे. जस्ताकडून आलेले इलेक्ट्रॉन ब्राँझच्या पृष्ठभागावर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला मिळतात आणि तिथे हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, तयार होतं. धातूला त्याने काही होत नाही. पण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन अल्कलीत विरघळतं. कागदाच्या गिरणीत कॉस्टिक सोडा लाकडाचा लगदा करतो, तेच हे. जस्त जितकं जास्त, तितकं अल्कली जास्त. चांगलं ब्राँझ एकटं समुद्रात वर्षानुवर्षं सुखाने राहतं. त्याला या संरक्षणाची गरजच नव्हती. शिवाय धक्क्यावरच्या विजेची अर्थची तार बोटीला शेजारच्या लोखंडी बोटींशीही जोडत होती, आणि आपलं जस्त त्यांच्यासाठीही झिजत होतं.

आम्ही ब्राँझच्या व्हॉल्व्हच्या हिरव्या तारा सोडवल्या, जस्त कमी करून फक्त दांडा आणि पंखा यांच्यापुरतं ठेवलं, आणि धक्क्याच्या विजेसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. त्यामुळे किनाऱ्याशी धातूचा धागा उरला नाही. खराब फळ्या सुतारांनी बदलल्या. यावर वाद झाला. पाहणी करणारे एक गृहस्थ सगळं जोडलेलंच असावं या मताचे होते, आणि लोखंडी किंवा फायबरच्या बोटीत त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. लाकडी बोटीत ते चूक आहे असं माझं ठाम मत आहे. लिटमसचा कागद मी त्यांना दाखवला.

चार्जिंगचा प्रश्न वेगळाच. आजचा अल्टरनेटर हजार-दीड हजार फेऱ्यांखाली जवळजवळ काही देत नाही, आणि पूर्ण ताकद द्यायला त्याला पाच-सहा हजार लागतात. गार्डनर नऊशेच्या पुढे जात नाही. मग मोठी पुली, साधारण पाचास एक. खाडीतून ४५० वर जाताना अल्टरनेटर सव्वादोन हजारांवर, समुद्रात पूर्ण वेगाने साडेचार हजारांवर. इंजिनाला एक भोकही न पाडता, जुन्या डायनॅमोच्याच बैठकीवर ते बसवता आलं. उद्या कुणाला डायनॅमो परत लावायचा असेल तर चार बोल्ट काढायचे.

‘परत लावता यावं’ हा विचार तिथे नवा नाही. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक नौकांची राष्ट्रीय नोंदवही आहे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि ३३ फुटांहून लांब नौका तिच्यात घेतात. जुन्या नौकेत केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवावा, आणि शक्यतो उलटवता येईल असा करावा, हे जतनाचं सूत्र तिथे मानलं जातं. तरी दोन पंथ आहेतच. १९३८ ची ‘शेमारा’ नव्याने उभी करताना तिच्यात डिझेल-इलेक्ट्रिक यंत्रणा बसवली. १९३१ ची ‘मराला’ आपल्या मूळच्या दोन मान इंजिनांवर राहिली. दोन्ही देखणं काम आहे. मला विचाराल तर मी ‘मराला’च्या बाजूचा. जुनं इंजिन काढलं तरी बोट चालते, पण तिच्या पोटातला तो आवाज, ती वेळ घेऊन सुरू होण्याची रीत आणि ते चालवणारा माणूस, हे सगळं संपतं. आमच्या मालकांनाही शेवटी हे पटलं. इंजिनं राहिली.

आणि आराखडा झाला. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना क्रमांक, प्रत्येक फ्यूजसमोर कशाचा ते लिहिलेलं, काढून टाकलेल्या तारांचीही यादी. १२, २४ आणि २३० अशी तीन व्होल्टेज तीन वेगळ्या मार्गांनी, एकाच जुडग्यात कधीच नाही. एसीच्या पेटीचं झाकण हत्याराशिवाय उघडत नाही. चीफ निवृत्त होण्याआधी त्यांनी इंजिनांच्या बाजूची पानं स्वतःच्या अक्षरात लिहून त्यात लावली: कुठला इंजेक्टर कधी बदलला, कुठल्या व्हॉल्व्हला किती फट.

सुट्टीत घरी आलो की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जातो. आता आपल्या मच्छीमार बोटींवरही जीपीएस, मासे शोधणारं यंत्र, वायरलेस, एलईडी दिवे, इन्व्हर्टर आहेत. लाकडी बोटी कमी होत आहेत, फायबरच्या वाढत आहेत, आणि तारा सगळीकडे दर हंगामाला वाढताहेत. रत्नागिरी, हर्णै, मालवणला बोटींचं वायरिंग करणाऱ्या माझ्या भावांनो, तुमचा हात माझ्यापेक्षा कमी नाही. एवढंच करा. नवी तार ओढाल तेव्हा मेलेली काढा, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा, दोन्ही टोकांना नाव लिहा, लाकडी तळ असेल तर ब्राँझच्या फिटिंगला विनाकारण जस्त जोडू नका. आणि वहीच्या एका पानावर का होईना, आराखडा काढून तो प्लॅस्टिकमध्ये घालून बोटीवरच ठेवा, स्वतःच्या घरी नेऊ नका.